पहिला फवारा मेंगाईला

गेनू रेणुसे हा माणूस चोवीस वर्षं ट्रॅक्टरच्या मडगार्डांना रंग देत होता आणि एवढ्या काळात त्याच्या हातून कुणाचं काही वाईट झालं नव्हतं. हे आधीच सांगितलेलं बरं. कारण पुढं त्याच्यात ज्या सुधारणा करण्यात आल्या, त्या बघून कुणालाही वाटावं की या माणसात मूळचाच काहीतरी मोठा बिघाड असणार.

कारखाना कापूरहोळच्या अलीकडं, हायवेपासून जरा आत. त्याचं नाव सांगण्यात अर्थ नाही, दर चार-पाच वर्षांनी ते बदलतं आणि फाटकावरची पाटी रंगवायला गेनूलाच बोलावलं जायचं. गेनूचं घर गुंजवण्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, एका वाडीत. सकाळी साडेसहाला मोटारसायकल काढायची, मार्गासनी, नसरापूर करत आठच्या आत पोचायचं, आणि तोंडाला फडकं बांधून रंगाच्या बूथमध्ये, म्हणजे एका लांबट पत्र्याच्या खोलीत शिरायचं. वरून साखळीला टांगलेली मडगार्डं एकामागून एक समोर यायची. हातातल्या स्प्रे गननं गेनूनं ती रंगवायची. दुपारी भाकरी, तीनला चहा, पाचला घर.

रंग काय, कुणीही मारील, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा मारून बघावा. जाड झाला की ओघळतो, पातळ झाला की आतला पत्रा दिसतो, आणि मडगार्डच्या वळणावर तर एकाच वेळी दोन्ही होतं. गेनूचं मात्र तसं कधी झालं नाही. वळण आलं की त्याचा हात किंचित अडखळल्यासारखा वर जायचा, आधी कोपर, मग मनगट. यात कलाबिला काही नव्हती. तरुणपणी पेंढ्याच्या गंजीवरून पडून त्याचा उजवा खांदा निखळला होता. तो वाडीतल्याच एका जाणत्यानं ओढून बसवला, आणि तेव्हापासून तो हात सरळ वर जायचं नाव घेत नव्हता. त्या अडखळण्यात वळणावर रंग नेमका जेवढा बसायला हवा तेवढाच बसायचा. चांगल्या खांद्याच्या तिघा रंगाऱ्यांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण त्यांना काही ते जमलं नाही.

गेनूची दुसरी सवय होती मेंगाईची. मेंगाई ही तोरण्यावरची देवी, सगळ्या वेल्ह्याची. गेनूच्या घरात जे काही पहिलं येईल ते तिचं, मग तो नव्या भाताचा मूठभर तांदूळ असो की व्यालेल्या गाईचा खरवस. आता रंगाच्या कामात पहिलं काय? पहिला फवारा. मडगार्ड समोर आलं की गेनू गन डावीकडं बूथच्या खालच्या कोपऱ्यात वळवायचा, एक बारका फवारा तिथं सोडायचा, फडक्याच्या आत 'मेंगाई' म्हणायचा आणि मग पत्र्याला हात घालायचा. चोवीस वर्षांत त्या कोपऱ्यात रंगाचा गुडघ्याएवढा गोळा जमला होता. वर लाल, त्याच्या खाली निळा, त्याच्याही खाली हिरवा, जसजशा ट्रॅक्टरच्या कंपन्या बदलल्या तसे थर. खंडेनवमीला कारखान्यातल्या बायका त्याला झेंडूची माळ घालायच्या. बाहेरून सुरक्षेची तपासणी आली की त्याच्यावर पोतं टाकलं जायचं. पोत्याची कल्पना खुद्द साहेबांची, म्हणजे श्रद्धा बरीच वरपर्यंत पोचलेली होती.

गेनू या कामाला लागला त्यालाही एक कारण होतं. त्याच्या वडलांची भाताची खाचरं धरणाच्या पाण्यात गेली. गेली म्हणजे राष्ट्राच्या कामी आली, असं त्या वेळी मांडवात भाषण करणाऱ्यानं सांगितलं होतं. म्हाताऱ्याला व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ दिला. नारळ त्याच दिवशी फुटला. शाल अजून घरात आहे, गेनूची बायको सगुणाबाई ती लोणच्याच्या बरणीवर घालते.

तर असं सगळं बरं चाललेलं असताना एक दिवस कारखान्यात लाकडी खोक्यातून यंत्रमानव आला. मानव म्हणायला नुसता हातच होता. डोकं नाही, पोट नाही, तोंड तर नाहीच नाही. मालकांना कामगाराचा जेवढा भाग हवा होता, तेवढाच बनवणाऱ्यानं बनवला होता.

कारखान्याचे मोठे साहेब आनंदराव. मूळचे भोरचे, राहायला पुण्यात. त्यांनी सगळ्यांना शेडमध्ये उभं करून सांगितलं की कुणाचीही नोकरी जाणार नाही, फक्त भूमिका बदलतील. बोलले ते फार सुंदर. नाटकातल्यासारखी भूमिका आता आपल्यालाही मिळणार म्हणून दोघा-तिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. पुढच्या एक तारखेला रंगाऱ्यांपैकी तिघांच्या भूमिका बदलल्या. त्यातला भिमा आता चेलाडी फाट्यावर अंडाभुर्जीची गाडी लावतो, आणि भूमिकेत चांगला शोभतो.

चौथा गेनू. त्याला साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चोवीस वर्षं जो 'ए रेणुसे' होता, तो त्या दिवशी पहिल्यांदा 'गेनूभाऊ' झाला, तेव्हाच खरं तर त्यानं ओळखायला हवं होतं.

"गेनूभाऊ, या रोबोला तुमचा हात द्यायचाय," साहेब म्हणाले. "तुम्ही शिकवायचं, त्यानं शिकायचं. तुम्ही त्याचे गुरू. आणि गुरूला कोण घालवतं का?"

"न्हाई मंजी, घालवत न्हाईत ना?" गेनूनं विचारलं. त्याला फक्त तेवढंच पक्कं करून घ्यायचं होतं. वय एक्कावन्न, हातात दुसरं काम नाही, खाचरं पाण्याखाली, आणि लेक प्रेरणा नसरापूरला बारावीत. या नोकरीशिवाय त्याच्याकडं दुसरं काहीच नव्हतं.

"अहो, शब्द देतो," साहेब म्हणाले. साहेबांकडं द्यायला नेहमी शब्दच असायचा.

शिकवण्याच्या कामावर चैत्राली नावाची इंजिनियर मुलगी होती. भोरचीच, वडील तिथं कोर्टात वकील. ती गेनूला गेनूकाका म्हणायची, आणि विशेष म्हणजे गरज नसतानाही म्हणायची. तिनं यंत्राच्या मनगटाला एक दांडी बसवली, तिच्यावर गेनूची गन चढवली आणि सांगितलं, "काका, ही दांडी धरायची आणि रोज मारता तसाच रंग मारायचा. मुद्दाम चांगला नाही, वाईट नाही. तुमचा हात जाईल तसा याचा हात तुमच्याबरोबर जाईल, आणि ते याच्या लक्षात राहील. बाकी मी बघते."

"सगळं रोजच्यावानी?"

"सगळं."

गेनू आज्ञाधारक माणूस. त्यानं सगळं रोजच्यासारखं केलं. मडगार्ड आलं, त्यानं दांडी डावीकडं खाली वळवली, मेंगाईला फवारा सोडला, मग पत्रा घेतला, वळणावर कोपर अडखळलं. असं बारा दिवस चाललं. तेराव्या दिवशी चैत्रालीनं त्याला काचेच्या बाहेर उभं केलं आणि बटण दाबलं.

यंत्र हललं. डावीकडं वळलं, खाली झुकलं, कोपऱ्यातल्या रंगाच्या गोळ्याला एक बारका फवारा वाहिला, मग उठून मडगार्डला भिडलं. वळणावर आल्यावर त्या लोखंडी हाताचं कोपर आधी वर गेलं, मनगट मागून, आणि मध्ये ते तेवढंच अडखळलं जेवढा गेनूचा खांदा अडखळायचा. गेनूच्या अंगावर काटा आला. आपण बाहेर आहोत आणि आत आपणच काम करतोय, असं काहीतरी त्याला वाटलं. त्याला फार अभिमान वाटला, आणि लगेच भीतीही वाटली. संध्याकाळपर्यंत त्यानं त्यातला अभिमान तेवढा जवळ ठेवला. घरी जाऊन सगुणाबाईला म्हणाला, "द्येवीचं बी शिकला. निस्तं नाव तेवढं घेत न्हाई."

चैत्रालीनं या सगळ्या हालचालींना यंत्रात नाव द्यायचं म्हणून 'गेनू-१' असं नाव दिलं. तिच्या मनात चांगलंच होतं. तेव्हापासून बाहेरच्या पडद्यावर दिवसभर 'गेनू-१ चालू आहे' अशी हिरवी अक्षरं झळकायला लागली.

खरा गेनू ऑपरेटर झाला. ऑपरेटरला एक खुर्ची, एक हिरवं बटण, एक लाल बटण. सकाळी हिरवं दाबायचं, संध्याकाळी लाल. मधल्या वेळात बसायचं. चोवीस वर्षं उभं राहिलेल्या माणसाची पाठ पहिल्याच आठवड्यात बसून धरली. याच सुमारास फाटकावर चेहरा बघून हजेरी लावणारं यंत्रही आलं. त्याच्यासमोर उभं राहिलं की ते 'धन्यवाद' म्हणायचं. गेनू दोन-तीनदा त्याला उलट रामराम घालून बसला.

महिन्याभरानं आनंदराव साहेब घड्याळ घेऊन आले. काचेबाहेर उभं राहून त्यांनी पंधरा मडगार्डं मोजली आणि चैत्रालीला विचारलं, "हा प्रत्येक वेळी डावीकडं खाली काय करतो?"

चैत्रालीनं गेनूकडं पाहिलं. गेनूनं आपल्या बुटांकडं पाहिलं. मग त्यानंच सांगितलं, "पैला फवारा मेंगाईला आस्तो सायेब."

साहेब खूप हसले. मग त्यांनी हिशेब केला. एका फवाऱ्याला अडीच सेकंद, दिवसाला सातशे मडगार्डं. "म्हणजे आपला रोबो रोज अर्धा तास आरती करतोय," ते म्हणाले. "एवढं अद्ययावत यंत्र आणलं, आणि तुम्ही त्याला गुरव करून ठेवलंत."

त्याच दुपारी फवारा काढून टाकण्यात आला. हात घातलाच आहे, तर कोपराचं अडखळणंही काढून बघितलं, पण वळणावर रंग ओघळला, म्हणून ते गपचूप परत घातलं. पुढच्या दोन दिवसांत छिन्नी-हातोडा लावून कोपऱ्यातला गोळा फोडला आणि पिवळ्या पिंपात भरला. पिंपावर 'घातक कचरा' असं लिहिलं होतं. गेनूनं त्यातली नखाएवढी कपची रुमालात बांधून घरी नेली. सगुणाबाईनं काही न विचारता ती देव्हाऱ्यात ठेवली.

चौथ्या दिवसापासून यंत्र थुंकायला लागलं. म्हणजे दर चार-पाच मडगार्डांमागं एकाच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं रंग सुरू व्हायचा तिथं, वाळक्या रंगाचा एक घट्ट ठिपका बसायचा. बोटानं चाचपला तर खडबडीत लागायचा. असं मडगार्ड गिऱ्हाईक घेत नाही. ते मागं घासणीला जायचं, तिथं सहा बायका पॉलिश पेपरनं रंग खरवडायच्या, आणि ते पुन्हा रंगाला यायचं. अर्धा तास वाचवला होता, तो आता असा दिवसभर फेडावा लागत होता.

मग तज्ज्ञ आले. एकानं गाळणी बदलली. दुसऱ्यानं हवेचा पंप बदलला. पुण्याहून तिसरा आला, तीन दिवस राहिला आणि इकडची हवा दमट आहे असं सांगून गेला, ज्यासाठी त्याला नुसतं खिडकीबाहेर बघूनही चाललं असतं. परदेशातला एक गोरा मोबाईलवर दिसला. त्यानं बराच वेळ मडगार्डकडं पाहिलं आणि यंत्रात दोष नाही एवढं सांगितलं.

गेनूला कारण दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. कळायला काय, त्याला ते चोवीस वर्षं माहीत होतं. दोन मडगार्डांच्या मधे जो वेळ जातो तेवढ्यात गनच्या तोंडाशी रंग आळतो. पहिला फवारा बाजूला सोडला नाही तर ते आळलेलं सगळं पत्र्यावर येऊन बसतं. कामाला लागला तेव्हा एका म्हाताऱ्या रंगाऱ्यानं त्याला हे शिकवलं होतं. 'पहिला बाजूला सोड' एवढं म्हाताऱ्यानं सांगितलं. बाजूला म्हणजे कुणाला, ते गेनूनं स्वतः ठरवलं. त्याच्या लेखी दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यांचं आपसात कधी भांडण झालं नव्हतं.

घरी त्यानं सगुणाबाईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, तिनं हात थांबवला.

"कुनाला बोल्लात का?"

"न्हाई आजून."

"मग गप बसा. जोवर थुंकतंय तोवर तुमी हाय तितं. धरनाच्या टायमाला मामंजी मोजनीवाल्याला घेऊन खाचराखाचरातनं फिरलं. हितनं हितवर आमचं, ह्यो बांध माज्या आज्यानं घातला, त्यो माज्या बानं. मोजनीवाल्यानं समदं लिवून घेतलं. दावून झालं आन शाल आली." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "तुमच्या घराला दावायची लई हौस हाय."

गेनू गप बसला. चांगला अकरा दिवस बसला. आणि काय सांगावं, ते दिवस त्याच्या नोकरीतले सर्वांत सुखाचे गेले. साहेबांना कुठून तरी वाटायला लागलं की या माणसाला काहीतरी माहीत असावं. त्याला कपबशीत चहा यायला लागला. खुर्चीला गादी आली. 'गेनूभाऊ, काय वाटतं?' असं साहेब दिवसातून दोनदा विचारायचे, आणि गेनू तज्ज्ञांसारखा मडगार्डकडं बराच वेळ बघून म्हणायचा, "हवा दमट हाय सायेब." चैत्राली एकदा एकटी येऊन म्हणाली, "काका, तुम्हाला माहीत आहे ना?" तिच्याशी खोटं बोलताना त्याला वाईट वाटलं. तरी तो म्हणाला, "म्या काय, बटनाचा मानूस."

पण एक गोष्ट त्यानं आणि सगुणाबाईनं, दोघांनीही हिशेबात धरली नव्हती. पडद्यावर नाव गेनूचं होतं.

घासणीच्या बायकांमध्ये वेल्ह्याची चंद्राबाई होती. गेनूपेक्षा चार वर्षांनी धाकटी, बोलायला फटकळ. तिची बोटं खरवडून खरवडून सालपटली होती. एका दुपारी ती त्याच्या गादीच्या खुर्चीसमोर मडगार्ड घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "गेनूदादा, आज तुमी लई थुंकलाय."

"म्या कुटं? यंत्र थुंकतंय."

"पाटीवर तर तुमचं नाव हाय. आमी काय यंत्राला वळखतो व्हय? आमी म्हनतो, गेनूदादाचा हात गेला."

हसली आणि गेली. पण दोन दिवसांत ते सगळ्या शेडमध्ये पसरलं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडता उघडता लोक विचारायचे, आज गेनू कितीदा थुंकला. आकडा सांगितला जायचा. फाट्यावर भिमाच्या गाडीपर्यंत बातमी गेली, आणि भिमानं भुर्जी परतता परतता विचारलं, "गेनबा, वय झालं का रं?" त्या दिवशी गेनूला भुर्जी गेली नाही. तो घरी येऊन मोरीत उभा राहून आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. नोकरी जाईल ही भीती त्यानं महिनाभर सोसली होती. हात वाईट आहे हे ऐकणं त्याला सोसेना.

बाराव्या दिवशी ट्रॅक्टरच्या कंपनीचा माणूस तपासणीला आला. उंच, पांढऱ्या शर्टातला. साहेब त्याला काचेपाशी घेऊन आले. त्यानं तीन ठिपकेवाली मडगार्डं बाजूला काढली आणि पडद्यावरची अक्षरं वाचून विचारलं, "हे गेनू काय आहे?"

गेनू दोन हातांच्या अंतरावर खुर्चीत बसलेला होता. साहेबांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. ते म्हणाले, "आमच्या एका जुन्या पेंटरची पद्धत घेतली होती हो. आता वय झालं, हातात दोष असणार. तोच उतरलाय त्याच्यात. आम्ही बदलून घेतोय."

गेनू उठला. सगुणाबाईची भाकरी, शाल, मोजणीवाला, प्रेरणाची बारावी, सगळं त्याला त्या क्षणी आठवत होतं, आणि तरीही तो उठला.

"हातात दोष न्हाई," तो म्हणाला. "चोवीस वर्सांत माजं येक मडगाड माघारी आलं आसंल तर दावा. तुमी पैला फवारा काडला. पैला फवारा पत्र्यावर मारायचाच नस्तो. गनीच्या तोंडाला रंग आळतो, त्यो आदी बाजूला टाकावा लागतो. त्यो परत घाला, न्हाई थुंकला तर मला इचारा."

चैत्राली लगेच यंत्रापाशी गेली. दहा मिनिटांत तिनं फवारा होता तिथं परत घातला. यंत्र डावीकडं वळलं, खाली झुकलं, रिकाम्या कोपऱ्यात एक बारका फवारा सोडून उठलं. पहिलं मडगार्ड स्वच्छ. दहावं स्वच्छ. पन्नासावं पांढऱ्या शर्टवाल्यानं स्वतः बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली. घासणीच्या बायका काम सोडून बघायला आल्या होत्या. चंद्राबाई म्हणाली, "हात बराय बाबा गेनूदादाचा." गेनूला एवढंच ऐकायचं होतं. ते ऐकल्यावर तो दिवस त्याचा फार चांगला गेला.

चांगला दिवस एकच पुरला. दुसऱ्या दिवशी चहा पुन्हा कागदी पेल्यात आला. आठवड्याभरात आनंदराव साहेबांनी फवाऱ्याला एक इंग्रजी नाव दिलं आणि त्यावर तक्ते काढून पुण्याला पाठवले. मुख्य कचेरीनं त्यांना उत्कृष्ट सुधारणेचं प्रशस्तिपत्र दिलं. त्यात लिहिलं होतं की साहेबांनी शास्त्रीय निरीक्षणातून हा शोध लावला. आरती म्हणून काढलेली गोष्ट शोध म्हणून परत आली, एवढाच काय तो फरक. आता यंत्राला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि हिरवं बटण तर आपोआपही दाबलं जाऊ शकतं असं कुणाच्यातरी लक्षात आलं. गेनूला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की त्याची भूमिका पूर्ण झाली आहे.

"तुमी शबुद दिल्ता," गेनू म्हणाला.

"गुरूला घालवत नसतात गेनूभाऊ," साहेब म्हणाले. "गुरूचा सत्कार करतात. खंडेनवमीला घरच्यांना घेऊन या."

खंडेनवमीला गेनू सगुणाबाईला घेऊन गेला. ती येणार नव्हती, पण तुझा नवरा काय करत होता ते एकदा बघ तरी, असं तो म्हणाला. दाखवायची हौस अजून फिटली नव्हती. फाटकावर तो सवयीनं हजेरीच्या यंत्रासमोर उभा राहिला. यंत्रानं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि 'चेहरा ओळखता आला नाही' असं सांगितलं. त्यानं टोपी काढून बघितली. यंत्र मतावर ठाम राहिलं. शेवटी पहारेकऱ्यानं पाहुण्यांची वही पुढं केली. तिथं भेटीचं कारण लिहायचा रकाना होता. गेनूनं लिहिलं, सत्कार.

आत यंत्राला झेंडूचे हार घातले होते. भोरहून आलेल्या भटजींनी त्याच्या मनगटाला नाडा बांधला, खांद्याला कुंकू लावलं, आणि नारळ फोडताना पाणी तारांवर उडू नये म्हणून तो बाहेर पायरीवर फोडला. मग साहेबांनी भाषण केलं. यंत्रानं माणसाला कष्टातून मुक्त केलं आहे, असं ते म्हणाले. कष्टातून मुक्त झालेला माणूस पहिल्या रांगेत बसला होता. त्याला वर बोलावून शाल आणि नारळ दिला, टाळ्या झाल्या. खाली आल्यावर सगुणाबाईनं शालीचं टोक चिमटीत धरून बघितलं आणि म्हणाली, "मामंजींची बरी व्हती."

चैत्राली त्यांच्यापाशी आली. तिचे डोळे लाल होते. "काका, मी सांगून बघितलं त्यांना. दोनदा."

"तुमी काय करनार पोरी," गेनू म्हणाला. "तुमी बी जपून ऱ्हावा. तुमच्या डोस्क्याचं बी खोकं कुटंतरी तयार व्हत आसंल." ती हसायला गेली, पण तिला हसू आलं नाही.

मग पाहुण्यांसाठी यंत्र चालू केलं. लोक काचेपाशी जमले, मोबाईल वर झाले. हार घातलेला हात डावीकडं वळला, खाली झुकला आणि त्यानं कोपऱ्यात फवारा सोडला. छिन्नीनं खरवडलेल्या त्या जागी रुपयाएवढा लाल ठिपका पुन्हा धरला होता. सगुणाबाईनं तो बघितला आणि न सांगता दोन्ही हात जोडले. यंत्र उठलं, पत्रा घेतला, वळणावर आलं. कोपर आधी वर गेलं, मधेच अडखळलं, मनगट मागून गेलं.

सगुणाबाई काचेच्या अगदी जवळ गेली. या अडखळत्या हातानं तीस वर्षं गोठ्यात वैरण टाकलेली, मोरीत पाठीवर पाणी घेतलेलं, लेकीला उचललेलं तिनं बघितलं होतं. तिनं एकदा आतल्या हाताकडं बघितलं, एकदा शालीत गुंडाळलेल्या नवऱ्याकडं.

"ह्यो तर तुमचाच हात हाय," ती म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता, पण मोबाईल धरलेले लोक वळले, साहेबही वळले. "खांदा बी तुमचाच. गंजीवनं पडलेला."

"व्हय," गेनू म्हणाला.

"मग ह्येची हजेरी कुनाच्या नावावर लागती?"

आनंदराव साहेबांनी जेवणाची व्यवस्था पलीकडच्या शेडमध्ये आहे, एवढंच सांगितलं. लोक तिकडं निघाले. काचेच्या आत पुढचं मडगार्ड आलं, यंत्र डावीकडं झुकलं, आणि बाहेर गेनूच्या ओठांतून सवयीनं देवीचं नाव निघालं.